पॅकेज टाकलंय, तरी ‘स्टाइल फाइल सापडत नाही’: एकाच मशीनवरच्या दोन टेक लाइव्हचा घोळ

प्रबंध सादर करायचे दिवस जवळ आले की ही तक्रार हमखास येते. “लिनक्सवर लाटेक टाकलंय, पॅकेजंही टाकलीत, तरी पॉलिग्लॉसिया सापडत नाही असंच म्हणतंय.” (लाटेक म्हणजे मजकूर जुळवून छपाईयोग्य करणारी प्रणाली, आणि टेक लाइव्ह म्हणजे ती तिच्या पॅकेजांसकट ज्यातून येते तो संच. पॉलिग्लॉसिया हे त्यातलं वेगवेगळ्या भाषांसाठीचं पॅकेज, आणि स्टाइल फाइल म्हणजे पॅकेजची प्रत्यक्ष फाइल.) ऐकणारा सल्ला देतो, सगळं काढा आणि नव्यानं टाका. मग रात्रभर कित्येक जीबी उतरवले जातात आणि सकाळी त्याच ओळीवर तीच चूक उभी असते. फरक इतकाच, की आता मशीनवर टेक लाइव्हची आणखी एक प्रत आहे आणि गुंता आधीपेक्षा घट्ट बसलाय.

युनिक्स कुळातल्या कुठल्याही यंत्रणेवर, म्हणजे लिनक्सची नाना वितरणं, फ्रीबीएसडी किंवा मॅक, टेक लाइव्ह बसवणं तसं अवघड नाही. पॅकेज खरोखरच नाही म्हणून अडलं, असं क्वचित होतं. बहुतेक वेळा पॅकेज एका टेक लाइव्हमध्ये असतं आणि दस्तऐवज जुळवायला धावतो दुसराच. म्हणून काहीही पुन्हा टाकण्याआधी आपण हाक मारतो तेव्हा ओ कोण देतं, तेवढं आधी पाहायचं.

आज्ञा आणि फाइलींची नावं खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकायची.

लॉगची पहिली ओळ

दस्तऐवज जुळवला की त्याच नावाची एक लॉग फाइल शेजारी तयार होते. लोक थेट तिच्या तळाशी जातात आणि उद्गारचिन्हानं सुरू होणारी चूक शोधतात. पहिली ओळ कोणी वाचत नाही, आणि निदान बऱ्याचदा तिथेच असतं. कोणतं इंजिन धावलं (पीडीएफटेक, झीटेक की लुआएचबीटेक) ते त्या ओळीत असतं आणि पुढे कंसात टेक लाइव्हचं वर्ष असतं. वर्षानंतर तिरकी रेघ देऊन ‘डेबियन’ लिहिलेलं असेल, तर ती वितरणाच्या भांडारातून, म्हणजे त्याच्या स्वतःच्या पॅकेज-साठ्यातून, आलेली प्रत. उबुंटूवरही तिथे डेबियनच दिसतं, कारण उबुंटू ही पॅकेजं डेबियनकडूनच घेतं. नुसतं वर्ष असेल तर बहुधा टगच्या, म्हणजे टेक यूजर्स ग्रुपच्या, इन्स्टॉलरनं बसवलेली प्रत.

इंजिन पीडीएफटेक किंवा झीटेक असेल तर त्याच ओळीत ३.१४१५९२६५३ असा लांबलचक आकडा असतो. त्यावरून आपली प्रत नवी की जुनी हे ठरवायला जाऊ नका. डोनल्ड कनूथ टेकमध्ये दुरुस्त्या करतात तेव्हा आवृत्तीचा क्रमांक ‘पाय’च्या एकेका अंकानं पुढे सरकवतात. २०२१ पासून तो इथवर येऊन थांबलाय. पाहायचं ते कंसातलं वर्ष.

मग टर्मिनलमध्ये ‘व्हिच -ए झीलाटेक’. झीटेक इंजिनावर लाटेक चालवणारी ही आज्ञा कुठकुठल्या फोल्डरांत आहे ते त्यानं कळतं. एकच ओळ आली तर ठीक. दोन आल्या, म्हणजे एक ‘यूएसआर-बिन’मधली आणि एक ‘यूएसआर-लोकल-टेकलाइव्ह’खालची, तर चोर सापडला. जी ओळ वर तीच धावते. स्टाइल फाइलचा पत्ता विचारायला ‘केपीएसई-व्हिच’ आहे. त्याला फाइलचं पूर्ण नाव, शेवटच्या एसटीवायसकट, दिलं की तो पूर्ण मार्ग छापतो, आणि सापडली नाही तर गप्प बसतो. मात्र केपीएसई-व्हिच हाही याच दोन प्रतींपैकी एकीचा असतो. त्यालाही ‘व्हिच -ए’ लावून पाहिल्याशिवाय त्याच्या साक्षीला किंमत देऊ नये.

एक बारीकशी फसगत. बॅश शेल एकदा सापडलेल्या आज्ञेचा पत्ता लक्षात ठेवतं. त्यामुळे सगळं नीट केल्यावरही त्याच खिडकीत जुनीच प्रत धावत राहू शकते. ‘हॅश -आर’ दिलं किंवा नवी खिडकी उघडली की ते विसरतं.

दुसरी प्रत येते कुठून

“मी तर एकदाच टाकलं होतं,” असं सांगणारा खोटं बोलत नसतो. भांडारातून एखादा लाटेक संपादक किंवा दस्तऐवज बदलून देणारं साधन घेतलं की त्याच्या मागोमाग वितरणाचा टेक लाइव्ह आपसूक येतो. त्याआधी किंवा त्यानंतर तुम्ही टगचा इन्स्टॉलर चालवलेला असतो. झाल्या दोन प्रती.

वितरणाची प्रत वाईट असते असं नाही, पण ती गोठलेली असते. वितरण बाहेर पडतं त्या वेळी जो टेक लाइव्ह असेल तोच त्या वितरणाच्या आयुष्यभर राहतो. उबुंटू २२.०४ मध्ये टेक लाइव्ह २०२१ आहे, २४.०४ मध्ये २०२३, डेबियन १२ मध्ये २०२२. टग मात्र दर वर्षी, साधारण मार्च-एप्रिलच्या सुमारास, नवी आवृत्ती काढतं आणि अधल्यामधल्या सुधारणा रोजच्या रोज देत राहतं. विद्यापीठानं किंवा नियतकालिकानं दिलेला साचा ताज्या टेक लाइव्हवर बनलेला असतो आणि तुमची प्रत तीन वर्षं जुनी असते. साचा अडतो, आणि मग माणूस टगकडे वळतो.

हे दोन झाले. तिसरा उगम अनेकांच्या ध्यानातच येत नाही. पायथनसाठी कॉन्डा वापरत असाल तर एखाद्या पॅकेजबरोबर तिथेही एक तुटपुंजा टेक आलेला असू शकतो. ते वातावरण चालू केलं की त्याचं बिन फोल्डर पाथच्या, म्हणजे आज्ञा शोधायच्या फोल्डरांच्या यादीच्या, अगदी पुढे बसतं, त्यामुळे टर्मिनलमध्ये तोच धावतो आणि साध्या फॉरमॅट फाइलसाठीही, म्हणजे लाटेक सुरू व्हायला लागणाऱ्या तयार फाइलसाठीही, अडून बसतो. कॉन्डा बंद केल्यावर दस्तऐवज जुळला, तर आणखी शोधायची गरज नाही.

चौथा उगम फ्लॅटपॅकवरून घेतलेले संपादक. ते आपल्या कुंपणात राहतात आणि यंत्रणेवरचा टेक लाइव्ह त्यांना सहसा दिसत नाही. त्यांच्यासाठी टेक लाइव्हचा वेगळा जोडभाग त्याच दुकानातून घ्यावा लागतो. टर्मिनलमध्ये सगळं सुरळीत आणि संपादकात मात्र ‘आज्ञा सापडत नाही’, असं झालं तर आधी संपादक कुठून घेतलाय ते आठवा.

यातली ठेवायची कोणती? माझं मत स्पष्ट आहे. मराठीत मजकूर जुळवायचा असेल तर टगची. देवनागरीच्या बाजूला गेल्या काही वर्षांत खरं काम झालंय. २०२० च्या टेक लाइव्हपासून लुआलाटेकच्या (लुआटेक इंजिनावरच्या लाटेकच्या) पोटात हार्फबझ हे जोडाक्षरं आणि मात्रा नीट रचणारं साधन आलं, आणि त्याचा फायदा ताज्या प्रतीतच पुरता मिळतो. फक्त इंग्रजी लेख आणि गणितच लिहायचं, इंटरनेट कमी, आणि पाच वर्षं काही हलू नये अशी इच्छा असेल तर वितरणाची प्रत उत्तम आहे. तिथे गरज पडली की ‘एपीटी-फाइल’नं विचारायचं, अमुक स्टाइल फाइल कुठल्या पॅकेजमध्ये आहे, आणि ते पॅकेज घ्यायचं. फेडोरावर तर थेट स्टाइल फाइलच्या नावानंच मागता येतं. ‘टेक’ आणि कंसात फाइलचं नाव असं डीएनएफ या तिथल्या पॅकेज-व्यवस्थापकाला दिलं की पॅकेज कोणतं ते तो स्वतः हुडकतो. ही सोय मला फार आवडते.

टगची प्रत ठेवायची ठरली तर वितरणाची काढलीच पाहिजे असं मात्र नाही. काढायला गेलात तर संपादकही जातो, आणि तो परत आणला की टेक लाइव्हही परत येतो. डेबियनवर ‘इक्विव्ह्ज’ वापरून एक पोकळ पॅकेज बनवतात आणि ‘टेक लाइव्ह आहे बरं का’ असं यंत्रणेला पटवतात. ते चालतं. डिस्कवर जागेची टंचाई नसेल तर इतकाही खटाटोप नको. दोघांनाही राहू द्या, फक्त पाथमध्ये आपली प्रत पुढे ठेवा.

पाथ

टगचा इन्स्टॉलर काम संपल्यावर निरोपाच्या मजकुरात स्पष्ट सांगतो की अमुक फोल्डर पाथमध्ये घाला. तो मजकूर खिडकीतून वर सरकून जातो आणि कोणी वाचत नाही. ते फोल्डर म्हणजे ‘यूएसआर-लोकल-टेकलाइव्ह’, त्यात वर्ष, त्यात बिन आणि त्यात मशीनच्या जातीचं नाव. साध्या इंटेल किंवा एएमडी मशीनवर ते ‘एक्स-८६-६४-लिनक्स’ असतं, एआरएमवर ‘एआर्च-६४-लिनक्स’. अल्पाइनसारख्या, मसल नावाची सी-लायब्ररी वापरणाऱ्या वितरणासाठी वेगळं फोल्डर आहे.

पाथ लिहिताना दोन चुका नेहमी दिसतात. पहिली, हे फोल्डर शेवटी जोडणं. शेवटी जोडलं की ‘यूएसआर-बिन’ आधी सापडतं आणि वितरणाची प्रत जिंकते. ते जुन्या पाथच्या आधी, म्हणजे डावीकडेच असलं पाहिजे. दुसरी चूक म्हणजे ओळ फक्त ‘बॅशआरसी’त, म्हणजे टर्मिनल उघडताना बॅश वाचतं त्या फाइलीत, लिहिणं. टर्मिनलमधून चालवलं की सगळं छान, आणि मेनूतून उघडलेल्या संपादकात जुनंच वर्ष. मेनूतून उघडणारे कार्यक्रम बॅशआरसी वाचत नाहीत. ती ओळ घरच्या फोल्डरातल्या ‘डॉट-प्रोफाइल’मध्ये हवी, आणि त्यानंतर एकदा लॉगआउट करून पुन्हा यायला हवं. नुसती संपादकाची खिडकी बंद करून उघडणं पुरत नाही. कोणाचं शेल झेडएसएच असेल तर त्याच्या फाइली वेगळ्या, आणि डेस्कटॉपनुसारही थोडा फरक पडतो. काहीच जमेना तर संपादकाच्या पसंतीत जाऊन झीलाटेकचा पूर्ण मार्ग लिहून टाका. दिसायला ओबडधोबड, पण हमखास चालणारा उपाय.

इन्स्टॉलरमध्ये ‘प्रमाण फोल्डरांत दुवे तयार करा’ असाही एक पर्याय असतो. पाथचा त्रास वाचेल म्हणून तो घेण्याचा मोह होतो. वितरणाचा टेक लाइव्हही मशीनवर असेल तर घेऊ नका. पुढच्या वर्षी नवी प्रत टाकाल तेव्हा ते जुने दुवे तिथेच राहतात आणि कोण कुठे बोट दाखवतंय हे कळेनासं होतं.

मॅकवर हा सगळा भाग सोपा आहे. मॅकटेक ‘लायब्ररी-टेक-टेकबिन’ हा एकच दुवा ठेवतं आणि वर्ष बदललं की तो दुवा नव्या प्रतीकडे वळवतं. टर्मिनल बंद करून उघडा, संपलं.

सुडो म्हणतं ‘आज्ञा सापडत नाही’

पाथ नीट झाला, झीलाटेक चालतो, टीएलएमजीआर हा टेक लाइव्हचा पॅकेज-व्यवस्थापकही चालतो, पण त्याच्या आधी सुडो (प्रशासकाच्या हक्कानं काम करवणारी आज्ञा) लावलं की आज्ञाच सापडत नाही. किंवा त्याहून वाईट, सापडते पण वितरणाची. याचं कारण, सुडो तुमचा पाथ वापरत नाही. बहुतेक वितरणांत सुडोअर्स फाइलमध्ये ‘सिक्युअर-पाथ’ नावाची ठरावीक यादी असते आणि सुडो तेवढ्याच जागा पाहतं. तुमच्या प्रोफाइलमधली ओळ तिथे गैरलागू.

उपाय दोन. सुडोपुढे ‘एनव्ह’ लावून आपला पाथ सोबत द्यायचा, किंवा टीएलएमजीआरचा पूर्ण मार्ग लिहायचा. पण माझा आग्रह तिसऱ्याचा आहे. सुडोची गरजच पडू देऊ नका. वैयक्तिक लॅपटॉपवर टेक लाइव्ह रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या, नावानं बसवायचं काही कारण नाही. आधी ‘यूएसआर-लोकल’खाली टेकलाइव्ह फोल्डर बनवून त्याची मालकी स्वतःकडे घ्या, किंवा इन्स्टॉलरच्या मेनूत ‘डी’ दाबून फोल्डर घरच्या जागेत वळवा, आणि साध्या वापरकर्त्याच्या खात्यातूनच बसवा. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत रूटचे हक्क नसतात तिथेही हाच रस्ता चालतो.

टीएलएमजीआर आणि वर्षांचं भांडण

उबुंटूवर कोणीतरी इंटरनेटवर वाचून टीएलएमजीआरनं पॅकेज टाकायला जातं. पहिल्यांदा उत्तर येतं की वापरकर्ता-झाड, म्हणजे घरच्या फोल्डरातली पॅकेजं ठेवायची रचना, तयार केलेलं नाही. ते ‘इनिट-यूजरट्री’नं तयार केलं, की पुढचं उत्तर: स्थानिक टेक लाइव्ह २०२१ चा, दूरचं भांडार त्याहून नवं, वर्षांच्या पलीकडे अद्ययावत करता येत नाही. इथे लोक गोंधळतात आणि भांडाराचे वेगवेगळे पत्ते देऊन पाहतात.

टीएलएमजीआर वर्षाच्या सीमा ओलांडत नाही. २०२३ च्या प्रतीतला टीएलएमजीआर २०२३ चंच भांडार मागतो. नवं वर्ष निघालं की त्या वर्षाचं भांडार गोठतं आणि मुख्य पत्त्यावर नवं येतं. जुन्या प्रतीत काही टाकायचंच असेल तर गोठलेली भांडारं जतन केलेली आहेत. यूटा विद्यापीठाच्या गणित विभागाच्या सर्व्हरवर ऐतिहासिक विभागात प्रत्येक वर्षाचं ‘टीएलनेट-फायनल’ मिळतं. ‘टीएलएमजीआर ऑप्शन रिपॉझिटरी’ लिहून पुढे तो पत्ता दिला की भांडण मिटतं. वितरणाच्या प्रतीबाबत मात्र माझा सल्ला साधा आहे. तिथे टीएलएमजीआर वापरूच नका. त्या प्रतीचा कारभार एपीटी किंवा डीएनएफकडे आहे, आणि दोन कारभारी एका घरात नांदत नाहीत.

टगच्या प्रतीत ‘टीएलएमजीआर अपडेट’ला ‘सेल्फ’ आणि ‘ऑल’ हे दोन्ही पर्याय द्या. नवं वर्ष आलं की नवी प्रत शेजारी बसवा. ती आपल्या वर्षाच्या फोल्डरात जाते आणि जुनीला हात लावत नाही. चालू प्रबंध जुन्या प्रतीवर पुरा करायचा असेल तर पाथमधलं वर्ष तेवढं बदलायचं.

आणि पॅकेजचं नाव म्हणजे स्टाइल फाइलचं नाव नव्हे. ‘टिकझेड’ नावाचं पॅकेज टीएलएमजीआरला सापडत नाही म्हणून हातपाय गाळणारे बरेच असतात. ती फाइल ‘पीजीएफ’ या पॅकेजमध्ये आहे. लाँगटेबल ‘टूल्स’मध्ये आहे. ‘टीएलएमजीआर सर्च’ला ‘ग्लोबल’ आणि ‘फाइल’ हे पर्याय जोडून फाइलचं नाव विचारलं की पॅकेज कळतं.

डाउनलोड मध्येच तुटतो

पूर्ण टेक लाइव्ह सात-आठ जीबी जागा घेतो आणि तो हजारो छोट्या पॅकेजांच्या रूपानं उतरतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे एका दमात होणं कठीण. तुटलं तर सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करू नका. त्याच फोल्डरातून इन्स्टॉलर पुन्हा चालवला की तो अर्धवट राहिलेली बसवणी ओळखतो आणि आधीच्याच सेटिंगनं पुढे जायचं का असं विचारतो. ‘वाय’ दाबा.

काही पॅकेजांवर चेकसम जुळत नसल्याची तक्रार येत असेल तर तुमच्या बाजूला सहसा काही बिघडलेलं नसतं. सीटॅन या टेक पॅकेजांच्या जागतिक भांडाराचा सर्वसाधारण पत्ता तुम्हाला जवळच्या एखाद्या आरशाकडे, म्हणजे मिररकडे, पाठवतो आणि तो आरसा त्या घडीला स्वतःच अद्ययावत होत असतो. काही तासांनी पाहा, किंवा ‘लोकेशन’ पर्यायात एखाद्या ठरावीक मिररचा पत्ता द्या म्हणजे सगळी पॅकेजं एकाच ठिकाणाहून येतील. आणि गेल्या वर्षीचा पेन ड्राइव्हवर जपून ठेवलेला इन्स्टॉलर वापरू नका. त्याचं वर्ष आणि भांडाराचं वर्ष जुळत नाही म्हणून तो सुरुवातीलाच हात वर करतो. इन्स्टॉलर काही एमबींचाच आहे, दर वेळी ताजा घ्या.

छोट्या सर्व्हरवर इन्स्टॉलर पर्लच्या एखाद्या मॉड्यूलवरून अडतो. इन्स्टॉलर पर्लमध्येच लिहिलेला आहे आणि फेडोरा कुळातल्या किमान बसवणीत पर्लचे सगळे भाग नसतात. संदेशात मॉड्यूलचं नाव असतंच, तेवढं भांडारातून घ्या.

जागा किंवा डेटा कमी असेल तर मेनूत ‘एस’ दाबून छोटी योजना निवडा आणि कागदपत्रं व मूळ स्रोताच्या फाइली वगळा. कागदपत्रांचाच भार फार मोठा असतो. मग लागेल तसं एकेक पॅकेज टीएलएमजीआरनं घेता येतं. पण खरं सांगायचं तर ब्रॉडबँड असेल तर पूर्णच घ्या. सबमिशनच्या आदल्या रात्री एका स्टाइल फाइलसाठी अडण्यापेक्षा आठ जीबी स्वस्त.

बसवणी शेवटच्या टप्प्यात तुटली तर पॅकेजं सगळी येतात पण फॉरमॅट बनायचे राहतात. मग ‘झीलाटेकची एफएमटी फाइल सापडत नाही’ असं दिसतं. ‘एफएमटी-यूटिल-सिस’ला ‘ऑल’ पर्याय देऊन फॉरमॅट बनवून घ्या.

घरच्या फोल्डरातलं भूत

सगळ्यात चिवट प्रकार हा. पाथ बरोबर, लॉगमधलं वर्ष बरोबर, एकच प्रत, आणि तरी ‘एक्सपीएल-३’ या लाटेकच्या अंतर्गत भागाचा संदेश: लाटेकच्या न जुळणाऱ्या सहायक फाइली आढळल्या, थांबतोय. किंवा एखादं पॅकेज म्हणतं, मला लाटेकची अमुक तारखेची आवृत्ती हवी आणि तुमच्याकडे जुनी आहे. अशा वेळी नवी प्रत टाकून काहीच होत नाही, कारण भूत नव्या प्रतीच्या बाहेर बसलंय.

घरच्या फोल्डरात ‘टेक्सएमएफ’ नावाचं झाड असतं (मॅकवर ते लायब्ररी फोल्डरात असतं). कुठल्याही वर्षाचा, कुठल्याही मार्गानं आलेला टेक लाइव्ह आधी तिथे पाहतो आणि मग स्वतःच्या झाडात. कधी काळी कोणीतरी दिलेली स्टाइल फाइल तिथे टाकलेली असते. किंवा वर सांगितलेली वापरकर्ता-झाडाची खटपट केलेली असते आणि टीएलएमजीआरनं तिथे अर्धीमुर्धी पॅकेजं उतरवून ठेवलेली असतात. वर्षं बदलतात, मशीन बदलतं, पण माणूस घरचं फोल्डर जसंच्या तसं नव्या मशीनवर नेतो आणि भूतही सोबत जातं.

‘केपीएसई-व्हिच’ला ‘ऑल’ पर्याय आणि संशयित फाइलचं नाव द्या. दोन मार्ग आले आणि पहिला घरचा असला की काम झालं. खात्री करायची तर त्या टेक्सएमएफ फोल्डरचं नाव तात्पुरतं बदला आणि दस्तऐवज पुन्हा जुळवा. चालला तर त्यातल्या स्वतः लिहिलेल्या फाइली तेवढ्या परत घ्या, बाकी जाऊ द्या. दस्तऐवजाच्या शेजारी पडलेल्या स्टाइल फाइलींनाही हाच न्याय. चालू फोल्डर तर सगळ्यांच्या आधी पाहिलं जातं, आणि साच्याच्या झिप फाइलीतून अशा जुन्या फाइली सर्रास येतात.

उलट तक्रारही असते: स्टाइल फाइल ‘टेक्सएमएफ-लोकल’मध्ये नीट ठेवली, तरी दिसत नाही. घरच्या झाडात टेक थेट डिस्कवर शोधतो, पण या सामाईक झाडासाठी तो ‘एलएस-आर’ नावाच्या यादीवर विसंबतो. फाइल ठेवल्यावर ‘एमके-टेक-एलएसआर’ चालवून यादी ताजी करावी लागते.

जुन्या लेखांत ‘यूपीडी-मॅप’ हा फाँटचे नकाशे ताजे करणारा कार्यक्रम नुसता चालवायला सांगितलेला आढळेल. २०१७ पासून तो आणि एफएमटी-यूटिल, दोघेही ‘सिस’ किंवा ‘यूजर’ हे स्पष्ट सांगितल्याशिवाय चालत नाहीत, आणि ते योग्यच झालं. ‘यूजर’ रूप एकदा वापरलं की तुमच्या घरी फाँटच्या नकाशाची खासगी प्रत बनते आणि यंत्रणेतल्या पुढच्या सुधारणा तुम्हाला दिसेनाशा होतात. हात पोळले असतील तर घरच्या, त्या वर्षाच्या लपलेल्या टेकलाइव्ह फोल्डरातली ती प्रत काढून टाका.

देवनागरी फाँट

पॉलिग्लॉसिया सापडला, की पुढचा थांबा फाँटचा. त्याआधी एक किरकोळ गोष्ट: फाँटस्पेक हे फाँट निवडणारं पॅकेज जर म्हणत असेल की मला झीटेक किंवा लुआटेक लागतो, तर बसवणीत काही चूक नाही. संपादक मुकाट्यानं पीडीएफलाटेक चालवतोय. त्याच्या सेटिंगमध्ये इंजिन बदला.

आता खरी अडचण. शोभिका हा आयआयटी मुंबईतून आलेला फाँट सीटॅनवर आहे आणि पूर्ण टेक लाइव्हबरोबर येतो. राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रा या फाँटवर त्यातली देवनागरी बेतलेली आहे. तरी झीलाटेकला ‘शोभिका’ या नावानं हाक मारली तर तो म्हणतो, फाँट नाही. फाइल मात्र डिस्कवर स्पष्ट दिसते. झीटेक नावानं शोधायचं काम यंत्रणेच्या फाँटकॉन्फिगकडे सोपवतो आणि फाँटकॉन्फिगला टेक लाइव्हच्या झाडाचा पत्ताच ठाऊक नसतो. काही वितरणांच्या प्रतीत ही जोडणी करून दिलेली असते, म्हणून जुन्या प्रतीत चालणारा दस्तऐवज नव्यात अडतो आणि लोक नव्या प्रतीला दोष देतात.

टेक लाइव्हच्या ‘टेक्सएमएफ-व्हार’मध्ये, फाँट्सखालच्या ‘कॉन्फ’ फोल्डरात, ‘टेकलाइव्ह-फाँटकॉन्फिग’ नावाची तयार फाइल असते. ती ‘ईटीसी-फाँट्स-कॉन्फ-डी’त ०९ हा आकडा नावापुढे लावून ठेवा आणि ‘एफसी-कॅश’ चालवा. त्या फाइलीत वर्षासकट मार्ग लिहिलेले असतात, तेव्हा पुढच्या वर्षी हे पुन्हा करावं लागतं. त्यापेक्षा फाँटचं नाव न देता फाइलचंच नाव द्यावं, ‘शोभिका-रेग्युलर’ आणि शेवटी ओटीएफ. मग शोध टेकच्या स्वतःच्या झाडात होतो आणि यंत्रणेचा संबंधच उरत नाही. मी हेच करतो, कारण दस्तऐवज दुसऱ्याच्या मशीनवर पाठवला तरी तिथेही चालतो.

फाँट मिळाला पण ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे राहिली, जोडाक्षरं हलन्तासह फुटली, रफार भलत्याच ठिकाणी बसला, तर फाँटस्पेकला लिपी सांगायची राहिली आहे. ‘स्क्रिप्ट’ देवनागरी द्या. लुआलाटेक असेल तर ‘रेंडरर’ हार्फबझही द्या, नाहीतर तो आपल्या जुन्या पद्धतीनं अक्षरं रचतो आणि ती पद्धत देवनागरीला पुरी पडत नाही. ‘लँग्वेज’ मराठी लिहायलाही विसरू नका. ज्या फाँटमध्ये सोय केलेली असते तिथे ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. छापून झाल्यावर हे लक्षात आलं की फार चुटपुट लागते.

लुआलाटेक नव्या प्रतीत पहिल्यांदा चालवला की बराच वेळ काहीच हालचाल दिसत नाही. तो मशीनवरच्या सगळ्या फाँटांची यादी करत असतो. कंट्रोल-सी दाबून त्याला मारू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो तीच यादी पहिल्यापासून करायला बसेल. नंतर कधी नवा फाँट टाकल्यावर तो दिसला नाही, तर ‘लुआ-ओटीएफ-लोड-टूल’ला ‘अपडेट’ पर्याय देऊन यादी हातानं ताजी करता येते.